शेवटची दीड फूट वायर

"लाल वायर घाल, गाडी उडेल!"

कॉलेजच्या पार्किंगमध्ये हा सल्ला मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की त्याला आता म्हणीचा दर्जा द्यायला हरकत नाही. लाल वायर म्हणजे सिलिकॉनची, आठ मिलिमीटर जाडीची, वर पांढरी अक्षरं छापलेली प्लगची वायर. जुनी काळी वायर काढून ती लावली की पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज वाढतं, सकाळी गाडी एका किकमध्ये सुरू होते, अशी समजूत आहे. वायर निळी असेल तर गुण थोडे कमी, असंही एकाने मला गंभीरपणे सांगितलं होतं.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने मंडळाच्या अंकात प्लग आणि कॉइलवर लिहावं का, हा प्रश्न संपादकांनी विचारला नाही, म्हणून मीही विचारत नाही. पण विषय मला उगाच सुचलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट ठरायची होती : तियूंची बुलेट विकायची, की तिचं इग्निशन बदलून ती ठेवायची. (तियू म्हणजे काका. आमच्या ख्रिस्ती घरांतला शब्द आहे, मराठीत आणला तरी चालेल.) गिऱ्हाईक तयार होतं, किंमतही बरी सांगत होतं. गाडी गेली असती तर हरमलहून म्हापशाला मी पुन्हा बसने येऊ लागले असते. त्याचंही एवढं काही नाही, अर्धा वर्ग बसनेच येतो. पण याच गाडीवर तियूंनी वीसएक वर्षं घर चालवलं. ते पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पायलट विमान चालवत नाही. पुढचा मडगार्ड पिवळा असलेल्या मोटारसायकलवरून भाड्याने माणसं पोचवतो. आता तियूंचे गुडघे किक मारू देत नाहीत, मडगार्डही काळा झालाय, आणि गाडी माझ्याकडे आहे.

गाडी 1993ची, 350 सीसी. दुखणं एकच होतं, पण वाईट होतं. उन्हात ठीक चालायची. पाऊस लागला, किंवा चोपडेहून शिवोलीच्या पुलावर चढताना शापोऱ्याच्या मुखाकडून खारा वारा आला, की मिसिंग सुरू. मग धक्के, मग शांतता. पुलाच्या मध्यावर, मागे टिप्पर हॉर्न मारतोय, अशा वेळी गाडीवरचं प्रेम झपाट्याने कमी होतं.

पार्किंगमधल्या तज्ज्ञांनी अर्थातच लाल वायर सुचवली. ती का पुरेशी नव्हती, आणि वायर निवडताना खरोखर काय बघायचं असतं, ते सांगण्यासाठी आधी ठिणगी कुठून येते तिथपर्यंत जावं लागेल.

इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते. त्या टोकांमधलं अंतर अर्धा ते पाऊण मिलिमीटर. एवढंसं वाटतं, पण हवा विजेला सहजासहजी वाट देत नाही, आणि दाबलेली हवा तर आणखीच अडून बसते. ती फोडायला काही हजार व्होल्ट लागतात. बॅटरी असते 12 व्होल्टची. हा चढ चढवण्याचं काम कॉइलचं. तिच्या आत लोखंडी गाभ्याभोवती तारेच्या दोन गुंडाळ्या असतात : एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. जाड तारेतून बॅटरीचा करंट वाहत असताना गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठतं. तो करंट एकदम तोडला की क्षेत्र कोसळतं आणि कोसळता कोसळता बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे करतं.

यात 'एकदम' हा शब्द महत्त्वाचा. घरी पंप चालू असताना नळाची तोटी झटकन बंद केली तर पाइप कसा धडकतो, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल. तोटी हळूहळू बंद केली तर काहीच होत नाही. वाहतं पाणी अचानक अडवलं की त्याचा जोर दाब होऊन बाहेर येतो. करंटचंही तसंच.

तोटी बंद करणारा हात म्हणजे पॉइंट. दोन छोटे धातूचे गोल, एक स्थिर, एक हलणारा. इंजिनवर फिरणारा कॅम हलणाऱ्या पॉइंटला ढकलतो, दोघे वेगळे होतात, करंट तुटतो, ठिणगी पडते. शेजारी कंडेन्सर बसलेला असतो. तो नसेल तर तुटणारा करंट पॉइंटांच्या फटीतूनच उडी मारत राहील, म्हणजे ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडेल आणि 'एकदम' तुटणं होणारच नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटांची ही मांडणी बसवली आणि 1910च्या कॅडिलॅक मोटारीत ती आली. माझ्या हातातल्या 1993च्या गाडीत जवळजवळ तीच मांडणी होती. ऐंशी वर्षं एवढी कमी बदललेली दुसरी गोष्ट मला आमच्या अभ्यासक्रमातच सापडेल.

आता वेगाचा हिशेब करू. इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरतंय असं धरा. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला 1500, सेकंदाला 25. त्याच वेगात क्रँक सेकंदाच्या एक हजारांश भागात 18 अंश फिरतो. म्हणजे पॉइंट उघडायला अर्धा हजारांश सेकंद उशीर झाला तर ठिणगी 9 अंश उशिरा. ठिणगी पडली की नाही एवढंच पुरत नाही, ती केव्हा पडली यावर सगळं आहे. उशिरा पडली तर गाडी मठ्ठ होते, तापते, पेट्रोल पिते. फार लवकर पडली तर किक उलटी येते. बुलेटची उलटी किक घोट्याला बसलेली माणसं पेडण्यात पुष्कळ भेटतील. ती सगळी वयाने पन्नाशीच्या पुढची असतील आणि गोष्ट हसत सांगतील.

पॉइंटचा दोष असा की तो घासतो. कॅमवर घासणारी त्याची टाच फायबरची असते. ती झिजली की पॉइंट कमी उघडतात आणि उशिरा उघडतात. बुलेटला पॉइंटांमधलं अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवं. फिलर गेज नसेल तेव्हा तियू पोस्टकार्डाच्या जाडीवर भागवायचे. शिवाय पॉइंटांची तोंडं जळतात, एकावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर उंचवटा येतो. त्यात आपली हवा. समुद्रकाठच्या गावांत खारं दमट वातावरण, आणि डिचोलीच्या बाजूला खाणी जोरात असताना ट्रकांनी उडवलेली लाल धूळ. कोरडी धूळ फारसं बिघडवत नाही. तिच्यावर ओल आणि मीठ बसलं की तिची विजेसाठी पायवाट होते, आणि करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी मधूनच पळतो.

असं असूनही पॉइंटवाल्या बुलेटमध्ये एक गोष्ट होती जिचं मला फार अप्रूप आहे. हेडलाइटच्या वर एक छोटा अँप मीटर असतो. चावी लावून किक हळू दाबायची. पॉइंट बंद असताना काटा डावीकडे झुकलेला असतो. पॉइंट उघडले की मध्यावर येतो. म्हणजे पिस्टन कुठे आहे हे काटा सांगतो. मग डीकॉम्पचा लिव्हर ओढून किक थोडी पुढे सरकवायची, सोडायची, आणि आता पूर्ण किक. ज्याला काटा वाचता येतो त्याला जोर लावावा लागत नाही. तियूंनी मला हे शिकवलं तेव्हा मी बारावीत होते. पहिल्या महिन्यात मी काट्याकडे बघतच नव्हते, नुसती उड्या मारत होते. तियू व्हरांड्यातून म्हणायचे, "बाये, नाच नको, वाच."

तर डिचोलीचे मेस्त्री. ते पूर्वी म्हापशाला होते आणि पायलटांच्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. आता गावी असतात, घराच्या पडवीत काम करतात. मी आणि तियू गाडी घेऊन अस्नोडा, मुळगाव करत त्यांच्याकडे गेलो. मी लाल वायरबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बाय, वायर ही पोस्टमन. पत्र कोणी लिहिलंय ते आधी बघूया."

मग त्यांनी बघितलं. पॉइंट खड्डे पडलेले. कंडेन्सर बदलून वर्ष झालं नव्हतं तरी पॉइंट काळे पडत होते, म्हणजे तोच दुबळा. वायरचं रबर टाकीच्या खाली, जिथे वाकवलेलं होतं तिथे, बारीक तडकलेलं. अंधार पडल्यावर त्यांनी गाडी चालू ठेवली आणि वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तडकलेल्या जागेवरून टाकीच्या पत्र्याकडे निळसर धागे उडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितले. पावसात गाडी का बंद पडते त्याचं उत्तर तिथेच दिसत होतं. (हा प्रयोग बघायला छान आहे, पण चालू गाडीच्या वायरला हात लावायचा नाही. धक्का जबरदस्त बसतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा तर आणखी वाईट. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने लांबच उभं राहावं.)

वायर बदलणं भागच होतं. प्रश्न पॉइंटांचा होता. मेस्त्रींचं म्हणणं, हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरवर त्यांचा विश्वास उरलेला नाही, पॉइंट काढा आणि इलेक्ट्रॉनिक बसवा. तियू ऐकेनात.

तियूंचा मुद्दा मी नीट मांडते, कारण तो जुन्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पॉइंट हळूहळू मरतात. आठवडाभर आधी सांगतात : सकाळी एक किक जास्त लागली, चढावर जरा अडखळली. आणि मेले तरी रस्त्यात जिवंत होतात. त्यांनी एकदा रात्री एका पाहुण्याला केरीच्या फेरीवर पोचवायचं होतं, तेरेखोलला जाणारी शेवटची फेरी, आणि पालयेच्या अलीकडे गाडी बंद पडली. त्यांनी टॉर्च तोंडात धरला, झाकण उघडलं, काडेपेटीची घासायची बाजू फाडून पॉइंटांमधून ओढली, आणि फेरी मिळाली. इलेक्ट्रॉनिकचा डबा मेला तर तो न सांगता मरतो आणि काडेपेटी घेऊन त्याचं काही करता येत नाही. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याच्यासाठी बिघडण्याची रीतही महत्त्वाची असते. हे मला मेस्त्रींनाही खोडता आलेलं दिसलं नाही. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही चालवत होता तेव्हा बरोबर. आता चालवते ती, आणि तिला कॉलेजला पोचायचंय."

इलेक्ट्रॉनिक म्हणजे तरी काय? पॉइंटांच्या जागी एक छोटं लोहचुंबक फिरतं आणि त्याच्यासमोर एक सेन्सर बसतो. चुंबक समोरून गेलं की सेन्सर इशारा देतो आणि डब्यातला ट्रान्झिस्टर करंट तोडतो. कॉइल तीच, तत्त्व केटरिंगचंच, फक्त तोटी बंद करणारा हात बदलला. हा हात घासत नाही, जळत नाही, थकत नाही, त्यामुळे आज लावलेलं टायमिंग वर्षाने जवळजवळ तिथेच सापडतं. याला टीसीआय म्हणतात. दुसरा प्रकार सीडीआय. त्यात आधी एका कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट साठवतात आणि ते एका झटक्यात कॉइलमध्ये ओततात. ठिणगी फार वेगाने उभी राहते, पण फार थोडा वेळ टिकते. तेलकट प्लग असलेल्या टू-स्ट्रोकला ते मानवतं. बुलेटसारख्या संथ, मोठ्या सिलिंडरला जरा लांब टिकणारी ठिणगी बरी, म्हणून तिच्यासाठी टीसीआय. दोन्हींच्या कॉइल वेगळ्या असतात. एकीची दुसरीला लावायची नाही. ही गोष्ट दुकानदार नेहमी सांगतोच असं नाही.

जगभरात जुन्या गाड्यांसाठी अशी किट तयार मिळतात. बुलेटसाठी इंग्लंडमधल्या बॉयर ब्रॅन्सडेनची आहेत, जावा-येझदीवाले चेक बनावटीची व्हेप लावतात. तिच्यात मॅग्नेटसकट सगळंच बदलतं. आम्ही एक साधं देशी किट घेतलं, चार हजारांच्या आसपास. तियूंनी रक्कम ऐकून पायलटगिरीच्या दिवसांत तिचा हिशेब केला आणि गप्प बसले. ती गप्प बसण्याची पद्धत मला ओळखीची आहे. ती होकाराची होती.

पण किट डब्यातच राहिलं, कारण मेस्त्रींनी पहिला अर्धा दिवस भलत्याच गोष्टींवर घालवला. आधी बॅटरी. पॉइंटवाली गाडी अर्धमेल्या बॅटरीवरही धक्का मारून चालू होते. इलेक्ट्रॉनिक डब्याला ठराविक व्होल्टेज मिळालं नाही तर तो ठिणगी देत नाही, किंवा भलत्या वेळी देतो. मग अर्थिंग. करंट कॉइलकडे जातो तसा त्याला परतही यावं लागतं, आणि परतीची वाट म्हणजे इंजिन आणि फ्रेमचं लोखंड. तीस वर्षांचा गंज आणि त्यावर दोनदा दिलेला रंग, यातून वाट कुठून निघणार? त्यांनी एका बोल्टखालचा रंग खरवडला, इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र जाड वायर टाकली, चावीच्या स्विचची टोकं साफ केली. मला वाटतं, गाडीत झालेल्या सुधारणेपैकी बराच वाटा या फुकटच्या कामाचा आहे. पण ही कामं लाल रंगात मिळत नाहीत, त्यामुळे पार्किंगमध्ये त्यांची चर्चा होत नाही.

आता वायर.

पहिला गैरसमज : जाड वायर म्हणजे जास्त करंट. सात मिलिमीटर आणि आठ मिलिमीटर यांतला फरक बहुतेक वेळा बाहेरच्या आवरणाचा असतो. आतली तार तीच. जाड आवरणाने गळती अडते, ठिणगी वाढत नाही. उलट आठची वायर सातसाठी केलेल्या कॉइलच्या भोकात आणि कॅपच्या रबरात नीट बसत नाही, आणि जिथे नीट बसत नाही तिथून पाणी शिरतं.

दुसरा गैरसमज मोठा आहे : जास्त व्होल्टची कॉइल, भारी वायर, म्हणून जोरदार ठिणगी. शापोऱ्याच्या काठी ज्यांनी खाजन बघितलंय त्यांच्यासाठी हे सोपं आहे. भरती आली की बांधाला लागून पाणी चढतं. बांधाच्या माथ्यापर्यंत चढतं आणि मग वरून आत कोसळतं. माथ्याच्या वर ते उभं राहत नाही, मागे अख्खा समुद्र असला तरी. प्लगची फट म्हणजे तो बांध. फट फुटायला दहा हजार व्होल्ट पुरत असतील तर व्होल्टेज दहा हजारांवर पोचताच ठिणगी पडते आणि ते खाली येतं. कॉइलच्या खोक्यावर चाळीस हजार छापलेलं असो, ते चाळीस हजार कधी उभेच राहत नाहीत. जादा ताकद राखीव म्हणून कामाची : थंड सकाळी, ओल्या प्लगवर, फट झिजून वाढली असताना. इलेक्ट्रॉनिक बसवल्यावर फट थोडी वाढवता येते, ठिणगी लांब होते आणि मिश्रण जास्त खात्रीने पेटतं. पण एकदा पेटलं की पेटलं. त्यापुढे वायर काही करू शकत नाही. चांगली वायर गाडीला काही नवं देत नाही. वाटेत जे सांडत होतं ते सांडू देत नाही, एवढंच तिचं काम.

मग निवडायची कशी? आतली तार बघून. तिचे तीन प्रकार. एक तांब्याच्या अनेक तारांची. दुसरी कार्बनची : धाग्यात कार्बन मुरवलेला, मुद्दाम अडथळा असलेली, फुटामागे काही हजार ओहम. तिसरी स्पायरल, गाभ्यावर बारीक धातूची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. अडथळा कमी, पण गुंडाळीमुळे गोंगाट दबतो.

गोंगाट म्हणजे रेडिओचा. ठिणगी हा मुळात एक छोटा रेडिओ-प्रक्षेपक आहे. आमची आजी सांगते, पूर्वी रेडिओवर पणजी केंद्र लावलेलं असताना तियू गाडी घेऊन अंगणात आले की ते दिसायच्या आधी रेडिओतून कडकड कळायचे. तांब्याची वायर, बिनअडथळ्याची कॅप, साधा प्लग, या तिघांचा तो प्रताप. म्हणून वाटेत कुठेतरी अडथळा घालतात : वायरमध्ये, किंवा कॅपमध्ये, किंवा प्लगच्या पोटात. एनजीकेच्या प्लगच्या नंबरात सुरुवातीच्या अक्षरांत आर असतो तो रेझिस्टरचाच.

'अडथळा' हा शब्द ऐकून आपल्याला वाटतं तो वाईट, काढून टाकावा. जुन्या पॉइंटवाल्या गाडीत काढलात तर शेजाऱ्याचा रेडिओ सोडून कोणाचं बिघडत नाही. पण इलेक्ट्रॉनिक डब्याच्या शेजारी बिनअडथळ्याची वायर म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये बँड. सेन्सरचा बारीक इशारा त्या गोंगाटात बुडतो, डब्याला नसलेला इशारा ऐकू येतो आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. 1 एप्रिल 2020पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकांत फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पूर्ण कारभार छोट्या कॉम्प्युटरवर. त्यांच्या मालकांना माझं कळकळीचं सांगणं, कंपनीने जे दिलंय तेच ठेवा. लाल रंग हवाच असेल तर हेल्मेट घ्या.

मग कार्बनची वायर घ्यायची? इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला पडवीत बसल्याशिवाय कळली नसती. मोटारसायकलच्या बऱ्याच कॅपच्या आत एक टोकदार स्क्रू असतो आणि कॅप फिरवली की तो वायरच्या गाभ्यात घुसतो. तांब्याच्या तारांत तो घट्ट पकडतो. कार्बनचा धागा तो कुरतडून टाकतो. चार दिवस चालतं, मग मधेच मिसिंग, आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो. म्हणून अशा गाडीला तांब्याच्या गाभ्याची सात मिलिमीटरची सिलिकॉन वायर, आणि अडथळा कॅपमध्ये : 5000 ओहमची कॅप. आम्ही तेच केलं. प्लग साधाच ठेवला, कारण किटच्या कागदावर अडथळा एकाच जागी ठेवा असं लिहिलं होतं. तुमच्या किटचा कागद वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

सिलिकॉन कशासाठी? उष्णता, ऊन आणि ठिणगीजवळ तयार होणारा ओझोन, तिन्ही ते रबरापेक्षा चांगलं सोसतं, तडकत नाही. पण मऊ असतं, पत्र्याच्या धारेवर घासलं तर चिरतं. मेस्त्रींनी वायर लागेल तेवढीच कापली, ताण न पडेल इतपत सैल, टाकीच्या पत्र्यापासून दूर, आणि सेन्सरच्या बारीक वायरींपासून तर हाताच्या पंजाएवढी लांब. कॅपच्या रबरात आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. आपल्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात तेवढ्या ग्रीसचा उपयोग फार आहे. मग मल्टिमीटर लावून वायर आणि कॅपचा एकत्र अडथळा मोजला, पाच हजारांच्या जवळ आला. मीटरने काहीच दाखवलं नसतं तर कॅप किंवा जोड तुटलेला समजायचा. हे मीटर साध्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि माझ्या मते पहिली खरेदी त्याचीच असावी. ठिणगी तपासायची तर प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून, पेट्रोलपासून लांब. कॅप नुसती हवेत लटकवून किक मारली तर ठिणगीला वाट मिळत नाही, आणि ती आतल्या आत कॉइल किंवा डबा फोडते.

प्लगवरून आठवलं. पोर्तुगीज भाषेत स्पार्क प्लगला 'व्हेला' म्हणतात, म्हणजे चक्क मेणबत्ती. फ्रेंच लोकांचा 'बूजी' म्हणजेही तेच. इंग्रजीने त्यातली नुसती ठिणगी घेतली आणि बुचाला जोडली. आपण मराठीत काहीच केलं नाही, प्लगच म्हणतो, आणि करंट येत नाही, मिसिंग मारते, प्लग शॉर्ट झाला, पॉइंट उडाले अशी वाक्यं बनवून त्याला घरचा केला. परिभाषा कोशात कोणी शब्द दिला असेलही. पडवीत तो पोचलेला नाही.

काय बदललं ते सांगते. गाडी आता पावसात बंद पडत नाही. जुलै-ऑगस्ट पूर्ण गेले, पुलावर एकदाही थांबले नाही. आयडलिंग एकसारखं झालं, बुलेटचा तो आवाज आता मधे ठेच खात नाही. सकाळी एका-दोन किकमध्ये सुरू होते. अ‍ॅव्हरेजची मी सहा आठवडे वही ठेवली. फरक इतका थोडा आला की तो वाऱ्याचा, ट्रॅफिकचा की माझ्या हाताचा हे सांगता येणार नाही. पिकअप तोच. गाडी उडाली नाही.

एक गोष्ट गेलीही. आमच्या किटमध्ये अँप मीटरचा काटा आता पूर्वीसारखं बोलत नाही. पिस्टन कुठे आहे ते पायालाच ओळखावं लागतं, किकचा दाब लागतो तिथे. तियू एकदा बसून बघत होते, किक हळू दाबली, काट्याकडे पाहिलं, पुन्हा दाबली, आणि काही न बोलता उतरले. मला त्या दिवशी वाईट वाटलं.

विकायचा विषय तूर्त बंद आहे. तियूंनी एक अट घातली होती आणि ती मेस्त्रींनी लगेच मान्य केली : जुनी पॉइंटची प्लेट फेकायची नाही. नवे पॉइंट आणि जुन्या साठ्यातला एक चांगला कंडेन्सर तिच्यावर बसवून, अंतर लावून, सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातलंय आणि डबा गाडीच्या टूलबॉक्समध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक मेलंच तर दोन स्क्रू आणि दोन वायरी, अर्ध्या तासात जुनं परत. मी ते पडवीत दोनदा करून बघितलं, दुसऱ्यांदा पंचवीस मिनिटांत. डब्यात तियूंनी एक काडेपेटीही ठेवलीय, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून.